वही भरते, डोक्यात काही राहत नाही

प्रश्न: एफवाय बीएस्सी, पाचोरा-जळगाव रोजचं अप-डाऊन. बारावीपर्यंत पुस्तक इंग्रजी, पण शिकवणं मराठीत होतं, आता केमिस्ट्री पूर्ण इंग्रजीत. लिहायला गेलं की ऐकायचं राहतं. नोट्स कशा काढाव्यात?

उत्तर १: भाऊ, सगळं उतरवणं आधी बंद करा. ए-फोर पानावर डावीकडून ६ सेंमीवर उभी रेघ मारा, खालचे ५ सेंमी मोकळे सोडा. लेक्चरला फक्त उजवीकडे लिहायचं. डावा रकाना त्याच संध्याकाळी प्रश्नांनी भरायचा, खाली स्वतःच्या शब्दांत दोन-तीन ओळी सारांश. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची ही पद्धत. बहुतेकांची गाडी डाव्या रकान्यात अडते, तिथे नुसती शीर्षकं पडतात. 'एसएन-२ रिॲक्शन' (एक गट निघताना दुसरा मागून जोडला जातो ती अभिक्रिया) हा प्रश्न नव्हे. 'टर्शरी हॅलाइडला एसएन-२ का होत नाही?' हा प्रश्न. उजवीकडे उत्तर: कार्बनभोवती तीन गटांची गर्दी, न्यूक्लिओफाइलला, म्हणजे जोडू पाहणाऱ्या नव्या गटाला, मागून शिरायला जागाच नाही.

उत्तर २: संज्ञा इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत, अशी खिचडी वहीत खुशाल करा. पेपरला इंग्रजीत लिहायचं असेल, तर सारांश मात्र इंग्रजीत लिहा, तेवढाच सराव. शब्द निसटला तर दोन ओळी कोऱ्या सोडून पुढे चला, लेक्चर संपल्यावर विचारा. एका शब्दामागे धावलात की पुढची तीन वाक्यं गेलीच. आणि वाढ-घट दाखवायला उभे बाण नकोत. केमिस्ट्रीत वरचा बाण म्हणजे वायू, खालचा म्हणजे अवक्षेप. महिन्याभराने आपलीच वही आपल्याला फसवते.

उत्तर ३: गाडीत उभ्याने वाचन होत नाही, पण उजवी बाजू झाकून डावीकडच्या पाच प्रश्नांची उत्तरं मनात देता येतात. त्याच दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. अडलं तरच हात काढा. नुसतं पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालं असा समज होतो. पेपरला तोच नडतो. हायलायटरचंही तेच. रंगीत पान दिसायला झकास!

प्रश्नकर्ता: गणितालाही हेच चालेल?

उत्तर १: डेरिव्हेशनला नाही. तिथे प्रत्येक पायरीशेजारी 'ही का केली' एवढंच लिहा, वही मिटा, कोऱ्या कागदावर मांडा. जिथे पेन थांबेल तिथे लाल खूण, आणि दुसऱ्या दिवशी थेट त्या खुणेपासून सुरुवात.