एंडोमेट्रिओसिस, आतडं चिकटलंय – गोव्यात किंवा जवळपास या कामातला अनुभवी सर्जन सुचवा

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. आम्ही डिचोलीचे, ती लग्न होऊन फोंड्याला असते, वय ३२, शाळेत शिकवते. तिला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) आहे आणि आता आत सगळं एकमेकांना चिकटलंय असं रिपोर्टात आलंय. दुर्बिणीने ऑपरेशन करणारे खूप आहेत हो, पण आम्हाला हेच काम नेहमी करणारा माणूस हवाय. का ते सविस्तर लिहिते.

कॉलेजात असल्यापासून पाळी म्हणजे हिचं अंथरूण ठरलेलं. आधी सगळे म्हणायचे लग्न झालं की थांबेल, मग म्हणायला लागले एक मूल झालं की थांबेल. लग्नानंतर सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीत पाच सेमीची चॉकलेट सिस्ट (याच आजारात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) निघाली आणि एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या कागदावर एवढंच लिहिलंय की सिस्ट रिकामी केली, आतलं अस्तर जाळलं आणि चिकटलेलं 'शक्य तेवढं' सोडवलं. आतड्याजवळ काय दिसलं, मूत्रनलिका (किडनीतून लघवी खाली आणणारी नळी) बघितली का, एक ओळ नाही. व्हिडिओ मागितला तर आम्ही ठेवत नाही म्हणाले. काही महिने बरे गेले आणि परत सुरू, आता तर पाळी नसली तरी दुखतं. पाळीच्या दिवसांत संडासला जायचं म्हटलं की ती आदल्या दिवसापासून जेवत नाही. गरम पाण्याची पिशवी सारखी धरून पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत, ते चवथीला माहेरी आली तेव्हा मी बघितले, तेव्हा कळलं की वर्गात पण टेबलाआड पिशवी धरून शिकवते ही.

आताच्या एमआरआयमध्ये असं आहे की दोन्ही ओव्हरी गर्भाशयाच्या मागे एकमेकींना चिकटल्यात, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली जागा पूर्ण बंद झालीय, आणि आतड्याच्या भिंतीत दोन सेमीच्या आसपास गाठ आहे. एएमएच, म्हणजे ओव्हरीत बीजं किती उरलीत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, १.१ आलीय. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिग्रॅ रोज चालू आहे, दुखणं थोडं आवाक्यात आलं पण मधेमधे स्पॉटिंग होतं आणि पोरगी पार गप्प झालीय. त्यात ती गोळी चालू असेपर्यंत बाळाचा विचार करता येत नाही आणि त्यांना बाळ हवंय.

एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं गर्भाशय काढून टाका म्हणजे विषय संपला. ३२ व्या वर्षी! आणि गर्भाशय काढलं तरी आतड्यातली गाठ तिथेच राहणार ना? दुसरे म्हणाले ऑपरेशन नको, थेट आयव्हीएफ करा. तिसऱ्या मॅडमनी मात्र स्पष्ट सांगितलं की ओव्हरीपर्यंत मी करीन, आतड्याचं काम माझं नाही, जिथे पोटाचा सर्जन आणि युरोलॉजिस्ट एकाच टेबलावर असतात तिथे न्या. मला त्यांचंच पटलं.

तर विचारायचं हे की गोव्यात असं एकत्र काम करणारी टीम कोणाच्या अनुभवात आहे का, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कोणी या आजारासाठी दाखवलंय का? नसेल तर बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबई कुठेही जायची तयारी आहे. बेळगाव जवळ पडतं पण चोर्ला घाटातल्या खड्ड्यांत तिला गाडीत बसवत नाही, त्यामुळे खरं तर थिवीहून रात्रीची कोकणकन्या धरून मुंबई गाठणं तिला सोपं. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) आहे, घरात तिघंच म्हणून अडीच लाखाचं, ते गोव्याबाहेर या ऑपरेशनला कोणी वापरलंय का तेही सांगा. डॉक्टरांची नावं इथे लिहायची नसतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

पेडणेकरीण

ताई, माझं पुण्याला झालं, आतड्यासकट. नाव व्यनि करते. पण त्याआधी एक विचारते, किडनीची सोनोग्राफी झालीय का तिची? नसेल तर या आठवड्यातच करून घ्या. एवढं चिकटलेलं असतं तेव्हा मूत्रनलिका दाबली जाऊ शकते आणि किडनी काही दुखलं खुपलं न कळवता फुगत जाते. माझी डावी फुगली होती, कमरेत एक कळ पण नव्हती. फुगलेली निघाली तर ऑपरेशन करायचं की नाही ही चर्चाच उरत नाही, लवकर करावंच लागतं.

सर्जनकडे जाल तेव्हा नुसतं 'तुम्ही एंडो करता का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. आतड्यातल्या गाठीचे पेशंट महिन्याला किती करता, आणि गाठ वरून खरवडणार, गोल तुकडा काढणार की आतड्याचा भाग कापून जोडणार, हे विचारा. जो नेहमी करतो तो एमआरआय समोर धरून दाखवतो. माझ्या सर्जननी परत आतून सोनोग्राफी करायला लावली, प्रोबने हळूच ढकलून गर्भाशय आणि आतडं एकमेकांवर सरकतं का ते बघतात, नाही सरकलं तर चिकटलंय. संडाससाठी पोटावर पिशवी लावावी लागण्याची शक्यता किती तेही आधीच विचारा, मला लागली नाही पण सही करताना माहीत होतं. लघवीच्या नसा तिथेच असतात, त्या वाचवणार का हाही प्रश्न विचारायचाच. व्हिडिओ आणि बायोप्सीचा रिपोर्ट हातात मिळणार असं आधी ठरवून घ्या.

आणि प्रत्येक ऑपरेशननंतर नव्याने चिकटू शकतं ताई, म्हणून थोडं आता, थोडं पुढच्या वर्षी असं करणाऱ्याकडे नेऊ नका.

सांगेकर

माझ्या बायकोची चॉकलेट सिस्ट दोन्ही बाजूंची काढली आणि एएमएच अर्ध्यावर आलं. सिस्टबरोबर चांगला भागही थोडा जातोच, चांगल्या हातांनी केलं तरी. बाळ हवंय आणि एएमएच १.१ आहे तर ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी आयव्हीएफवाल्या डॉक्टरांना आणि सर्जनना एकमेकांशी बोलायला लावा, भ्रूण आधी फ्रीज करून ठेवायचे का ते दोघांनी मिळून ठरवू दे. आयव्हीएफचा खर्च मात्र वेगळा धरा, तो आम्हाला पूर्ण खिशातून करावा लागला.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. किडनीचं आम्हाला एकानेही सांगितलं नव्हतं, उद्या सकाळी म्हापशाला सोनोग्राफीची वेळ घेतलीय. पेडणेकरीण, व्यनि मिळाला, उत्तर दिलंय. मुंबईतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत कोणी एंडोसाठी दाखवलं असेल तर तेही कळवा, ओपीडीचा वार कोणता आणि एमआरआयची सीडी चालते की फिल्म पण लागते, कारण फिल्म आधीच्या हॉस्पिटलातून काढून घ्यावी लागेल आणि ते वेळ लावतात.