मुळशीतल्या घरासाठी वीजजोडणी घ्यावी की सर्वस्वी सौरऊर्जेवर राहावे?

धागाकर्ता (कोथरूड):
मुळशी तालुक्यात आमचे दोन खोल्यांचे घर बांधून होत आले आहे. विजेचा जवळचा खांब बराच लांब असल्याने जोडणी घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. दिवे, पंखे, लहान फ्रिज आणि अर्धा तास चालणारा एक अश्वशक्तीचा पंप यांना मिळून दिवसाला अडीच युनिटे पुरतात, तर एक किलोवॉटची पॅनेले स्वच्छ उन्हात रोज सुमारे चार युनिटे देतात. मग खांब आणि तारांवर पैसा का घालावा?

सह्यकडा:
आपला हिशेब एप्रिलचा आहे, जुलैचा नाही. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात ढग दिवसच्या दिवस हटत नाहीत आणि तेव्हा त्याच पॅनेलांतून निम्मी वीजही मिळत नाही. शिवाय 24 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर 4.8 युनिटांची असली, तरी ती वारंवार निम्म्याखाली उतरवल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी राहतात 2.4 युनिटे, जी आपल्याला एक दिवसही पुरणार नाहीत. आज खर्च जड वाटला तरी जोडणी घ्यावी.

धागाकर्ता:
मुळशीच्या पावसाळ्यात झाडे तारांवर पडतात आणि वीज गेली की लवकर येत नाही, म्हणजे जोडणी घेऊनही इन्व्हर्टर लागणारच. त्यापेक्षा 80 ते 90 टक्क्यांपर्यंत वापरता येणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी, पॅनेले दुप्पट करावीत आणि पावसाळ्यात फ्रिज बंद ठेवावा, हे मला अधिक पटते.

कातळपाणी:
आपण दोघेही विजेवर अडून बसला आहात; घर अडेल ते पाण्यावाचून. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींमध्ये आणि झिजलेल्या थरांत असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरला लागले म्हणून आपल्याला लागेलच, असे नाही. छतावरचे पाणी मात्र मोजता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 60 चौरस मीटर पत्र्यावर 2,500 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 1,20,000 लिटर पाणी मिळते. अडचण साठवणीची आहे. दोन माणसांना रोज 200 लिटर धरले, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ 48,000 लिटर लागतात आणि एवढी फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून केलेली) टाकी पॅनेलांच्या आधी अंदाजपत्रकात यायला हवी. पहिल्या पावसाचे पाणी टाकीत न घेता बाहेर सोडावे, कारण पत्र्यावरची धूळ, पाला आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच पाण्याबरोबर खाली येते.

सह्यकडा:
पाण्याचा मुद्दा मान्य आहे, परंतु विजेबाबत माझे मत बदललेले नाही. कातळावर अर्थिंग नीट उतरत नाही आणि वळवाच्या विजा पहिला तडाखा इन्व्हर्टरला देतात. पॅनेलांच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग आणि तारांमधला विद्युतदाब अचानक वाढल्यास संरक्षण देणारे उपकरण हा खर्च आपल्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

कातळपाणी:
शोषखड्डाही दिसत नाही. कातळात पाणी मुरत नसेल, तर मैलापाणी उताराने खालच्या विहिरीकडे जाईल. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी भर पावसाळ्यात तिथे एक खड्डा खणून त्यातले पाणी किती वेळात उतरते, ते पाहावे.