मधपेट्या आहेत, आता पुढचं शिकायचंय. कोल्हापूरच्या आसपास कुठे जावं?

दाजीपूरकर

राम राम मंडळी. राधानगरी तालुक्यात थोडं भात, थोडा ऊस आणि परड्यात सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी माशीच्या, सहा पेट्या असा आमचा पसारा. खादी ग्रामोद्योग मंडळाचं 10 दिवसांचं प्रशिक्षण झालंय. पेटी उघडणं, चौकट धरणं, मधयंत्रातून मध काढणं जमतं. त्यापुढे मात्र गाडी अडते. राणी तयार करणं, वसाहत फोडणं म्हणजे एकीच्या दोन करणं, पिलाव्यावर (घरांतल्या अंडी-अळ्यांवर) नजर टाकून रोग ओळखणं हे वाचून डोक्यात जात नाही. यूट्यूबवर जे आहे ते बहुतेक पंजाब-हरियाणाकडचं, मेलिफेरा या परदेशी माशीचं. पुढेमागे गावातल्या चार पोरांना शिकवता यावं इतकं पक्कं व्हायचंय.

पुण्याला जाऊ, महाबळेश्वरला जाऊ, की इथंच कुणाच्या हाताखाली राहू? पैशाची थोडी तयारी आहे, पण घरात दुभत्या म्हशी असल्यामुळे महिनाभर सलग बाहेर राहणं अवघड. जाणकारांनी सांगावं.

वेदगंगा

पाटगावला जाऊन आलास का? भुदरगडात, तुला काय लांब नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव झालं, त्यानंतर आपल्या जिल्ह्यात पाटगाव. घराघरात पेट्या आहेत. आधी तिथं जा, मग पुण्याचं बघ.

पेठेतला_पाहुणा

पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला पर्याय नाही असं माझं मत. खादी आयोगाची आहे, 1962 पासूनची. नवख्यांचे छोटे वर्गही असतात, पण तुम्हाला ते परत करून उपयोग नाही. फोन करून 'राणी पैदास आणि रोगनिदान यातलं पुढचं काय आहे आणि कधी आहे' एवढंच विचारा. प्रमाणपत्राचा उपयोग पुढे शिकवायला, अनुदानाच्या अर्जाला होतो.

दुसरं, मंडळाच्याच मधकेंद्र योजनेत केंद्रचालकांसाठी 20 दिवसांचं वेगळं प्रशिक्षण असतं. 10वी पास, वय 21 च्या वर आणि किमान एक एकर शेती, स्वतःची, घरच्यांची किंवा भाड्याची. साहित्याला 50 टक्के अनुदान. जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी करा. 'गावात शिकवायचंय' हा तुमचा हेतू त्यात नेमका बसतो.

जांभूळमध

पाहुण्यांशी निम्मा सहमत. कागद हवाच, पण सातेरीचा जाणता मधपाळ वर्गात तयार होत नाही. दहा काय नि वीस काय, एवढ्या दिवसांत तुला वर्षाचा एक तुकडाच दिसतो. प्रशिक्षणं बहुतेक उघडिपीत होतात, सगळ्या वसाहती जोरात असताना. आपल्या घाटमाथ्याच्या पट्ट्यात खरी परीक्षा आषाढ-श्रावणात. तेव्हा शिकवायला कोण येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की एक जाणता मधपाळ धर आणि वर्षभर महिन्यातून दोनदा त्याच्याकडे जा. सलग राहू नकोस, म्हशी सांभाळ. फुकट शिकव म्हणू नकोस, चौकटी घासण्यापासून पेट्या वाहण्यापर्यंत अंगमेहनत कर. पुण्याचा वर्ग मध्ये कधीतरी उरकून घे, तोपर्यंत तुझ्याकडे विचारायला प्रश्न असतील.

कधी काय बघायचं ते सांगतो.

फेब्रुवारी-मार्चात वसाहती फुगतात, राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढते ती घरं, लागतात. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबतात. ती कधी पिकली हे ओळखणं म्हणजे अर्धी विद्या. टोकावरचं मेण कामकरी माश्या खरवडून काढतात आणि आतला तपकिरी कोश उघडा पडतो. तसं दिसलं की राणी एक-दोन दिवसांत बाहेर. त्या वेळी ती चौकट, माश्यांसकट पिलाव्याच्या दोन-तीन चौकटी आणि मधाची एक, असं उचलून नवी पेटी करायची. कुणाचं राणीघर वाढवायचं हेही शिकून घे. जी वसाहत पावसाळ्यात टिकली, सारखी उठून गेली नाही, हाताळताना अंगावर आली नाही, तिचं. सगळ्यात रागीट पेटी सगळ्यात जास्त मध देते असा एक समज आहे, त्यात अर्थ नाही.

मार्च-एप्रिलला जांभूळ, मग हिरडा. हा मधाचा हंगाम. आपल्याकडं हवेतच ओल, त्यामुळे घाई नडते. चौकटीची निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढायचा नाही. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे मधात 20 टक्क्यांच्या वर पाणी चालत नाही. रिफ्रॅक्टोमीटर या पाणी मोजायच्या यंत्रावर टाकलेला एक थेंब सगळं सांगतो. ते वापरायला शिक, महाग नाही.

वळवाचा पाऊस सुरू झाल्यावर वसाहत फोडायची नाही. नवी राणी मिलनासाठी उडायला आठवड्याभराने निघते, तिला उघडं आभाळ लागतं. पावसानं कोंडली तर ती वसाहत गेलीच. ज्या पेटीला राणी उरत नाही तिथं पुढे कामकरीच अंडी घालायला लागतात. एका घरात दोन-तीन अंडी, तीही तळाला नीट नाहीत, भिंतीला चिकटलेली. हे दिसलं की राणी आहे का नाही हा वाद मिटला.

पावसाळ्यात रिकामी काळी पोळी काढून टाकून वसाहत आटोपशीर ठेवायची. माश्यांनी झाकलेली नसतील अशी पोळी ठेवली की मेणपतंग शिरलाच, आणि पतंग शिरला की सातेरी पेटी सोडून जाते. साखरेचा पाक समसमान, किलोला लिटर, आणि तोही संध्याकाळी. दिवसा दिला तर शेजारच्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात. आणि कोल्हापूरचे असलो तरी गूळ द्यायचा नाही. माश्यांना हगवण लागते.

शिरोळचा_मळा

वरचं सगळं खरं, पण भावा, सातेरीत पैसा किती? वर्षाला पेटीमागं पाच-आठ किलो, लई झालं तर दहा. मेलिफेरा त्याच्या तिप्पट-चौपट देते. सूर्यफूल, मोहरी, ओवा बघत पेट्या हलवायच्या, डाळिंबवाले भाड्यानं नेतात ते वेगळंच. एक्स्पर्ट व्हायचंच असेल तर मेलिफेराच्या फिरत्या मधपाळाबरोबर एक हंगाम ट्रकवर जा. पेट्या रात्री बंद करून हलवणं, फवारणीवाल्या शेतकऱ्याशी बोलणं, हे कोणी वर्गात शिकवत नाही. वरोआ हा माश्यांना लागणारा कोळी मोजायचंही तिथंच कळतं. अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण 300, पिठीसाखरेत हलवायच्या आणि खाली पडलेले कोळी मोजायचे. नऊच्या वर गेले तर उपाय करायचा.

जांभूळमध

शिरोळकर, तुमच्या सपाटीला मेलिफेरा ठीक. पण ह्याच्या गावात ती पावसाळा कशावर काढणार? आणि तुमच्याकडं तरी उसाच्या समुद्रात माशीला खायला काय असतंय? म्हणूनच तुम्हाला ट्रक लागतो. तंत्र शिकायला एक हंगाम जा म्हणत असाल तर माझी ना नाही.

चुलवण

अवांतर : आमच्या गुऱ्हाळावर माश्यांचा खच पडतो. रसाच्या वासानं येतात आणि काहिलीत पडतात. शिकायला कुठंही जा, पण पेट्या चालत्या गुऱ्हाळाजवळ मांडू नकोस.

दाजीपूरकर

सगळ्यांचे आभार. जांभूळमध दादा, एक विचारू? माझ्या दोन पेट्यांत काही बंद घरांच्या टोपीला मधोमध बारीक भोक दिसतंय. थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा रोग तर नव्हे? राणी शोधून सापडेना, म्हणून जास्तच धास्ती.

जांभूळमध

घरं बाकीच्यांपेक्षा उंच, टोपी टोकदार, आणि भोक अगदी मध्यावर असेल तर ते नर आहेत. सातेरीच्या नराच्या टोपीला ते भोक असतंच. मेलिफेराला नसतं, म्हणून तुझ्या व्हिडिओत ते आलं नसेल. सॅकब्रूडमध्ये अळी घरात डोकं वर करून मरते, चिमट्यानं उचलली तर पाण्याच्या पिशवीसारखी अख्खी निघते. त्यावर औषध नाही, राणी बदलून किंवा तिला काही दिवस कोंडून पिलावा तोडावा लागतो. एक घर उघडून बघ.

आणि राणी शोधत बसू नकोस. सूर्य पाठीमागं घे, चौकट तिरकी धर आणि घराच्या तळाशी बघ. उभं अंडं म्हणजे आजचं, आडवं झालेलं म्हणजे तिसऱ्या दिवसाचं. उभं दिसलं तर राणी काल-परवापर्यंत पेटीत होती, झाकण लावून घरी जा.

पेठेतला_पाहुणा

हे शेवटचं उत्तर वाचून माझा पुण्याचा आग्रह थोडा सैल झाला. तरी कागद घ्याच.

वेदगंगा

दंश झाल्यावर काटा चिमटीत धरून उपटू नये, नखानं खरवडावा, हे पोरांना शिकवताना पहिलं सांग. आणि कुणाला अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय नकोत, थेट दवाखाना.

दाजीपूरकर

उंच आणि टोकदारच आहेत. उघडलं, आत पांढरी फटक अळी, धडधाकट. दादा, व्यक्तिगत निरोप केलाय. पुढच्या रविवारी येऊ का?

जांभूळमध

ये. दहाच्या आत नको, ऊन पडू दे. फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, अंगाला सेंट नको. तुझ्या पेट्यांतली हत्यारं इकडं आणू नकोस, रोग तसाच फिरतो. इथं आहेत.