नव्या देशात जिओकॅशिंगचा नाद कसा लागला? अनुभव लिहा

नव्या देशात येऊन चार महिने झाले होते. नवरा कामावर, माझा कामाचा परवाना अजून यायचा होता आणि घराजवळच्या बागेतला एक बाक एवढंच काय ते ओळखीचं. एक दिवस त्याच बाकाखाली एक आजोबा हात घालून चाचपडत होते. काही हरवलंय का विचारलं, तर ओशाळून हसले आणि बोटाच्या पेराएवढी चुंबकाची डबी दाखवली. आत कागदाची सुरळी, त्यावर बारीक अक्षरात टोपणनावं आणि तारखा. हा जिओकॅशिंगचा खेळ, ते म्हणाले: कुणीतरी असा डबा लपवतो, त्याचं ठिकाण अ‍ॅपवर टाकतो आणि बाकीचे फोनवरच्या जीपीएसनं तो शोधतात. मी रोज तिच्यावर बसत होते!

घरी येऊन ते अ‍ॅप उघडलं तर घराभोवती लपवलेल्या डब्यांचे हिरवे ठिपकेच ठिपके. फोन डब्याच्या आसपास नेऊन सोडतो; शेवटचे पाच-दहा मीटर डोळ्यांनीच काढावे लागतात, जीपीएस तेवढं चुकतंच. खरी मजा तिथेच. सापडला की वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा लपवायचा.

तुमची सुरुवात कशी झाली? फजित्या आधी लिहा.

* * *

फजितीच सांगतो. प्रत्येक डब्याला १ ते ५ असे दोन आकडे असतात: शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. मी फक्त दुसरा पाहिला. दीड तास पुलाच्या कठड्याचा एकेक बोल्ट पिरगाळत होतो. कुणीतरी कळवलं असावं, पोलीस आले. तिथली भाषा मला अर्धीमुर्धी. 'खजिना शोधतोय' म्हणालो, त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. शेवटी अ‍ॅप दाखवलं, तेव्हा त्यांनीही पाच मिनिटं कठड्याखाली टॉर्च मारला. नाही मिळाला. तीन आठवड्यांनी मिळाला. खोटा बोल्ट होता, पिरगाळायचा नव्हता, ओढायचा होता.

* * *

मला गोडी लागली ती या खेळाच्या जन्मकथेमुळे. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकेनं मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २०००ला काढून टाकली आणि रातोरात ठिकाण कितीतरी नेमकं कळू लागलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली अर्धी पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि चक्क घेवड्याचा डबा! गंमत म्हणजे परवानगीशिवाय असा खड्डा खणणं आजच्या नियमांत बसत नाही.

* * *

आई महिनाभर आली होती. तिला रानात फिरायला नेलं. फोन माझ्या हातात, मी बाणामागे गोल गोल फिरतेय. ती जागची हललीही नाही. "झाडाखाली काटक्या अशा एकाशेजारी एक पडतात होय गं?" उचलल्या, तर खाली झाकणाचा डबा. त्यानंतर आईनंच रोज सकाळी विचारायचं, आज कुठला.

* * *

मला नाही जमलं बुवा. तीन डबे उघडले, तिन्हींत पाणी. एका वहीचा तर लगदा झालेला. ठेवणारे लोक डबे-वह्या बदलत नाहीत तोवर कशाला जायचं? पण पायवाटा कळल्या, हे कबूल.

* * *

वरच्या तक्रारीला उत्तर म्हणून मी स्वतःचाच डबा ठेवला. जागा मिळता मिळेना: दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं आणि प्रत्येक चांगल्या झाडावर आधीच कुणाचा तरी हक्क. शेवटी तळ्याकाठची एक ढोली मिळाली. जागेच्या मालकाची परवानगी, घट्ट झाकण, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, दर दोन महिन्यांनी फेरी. गेल्या फेरीला वहीत देवनागरीत एक ओळ दिसली: 'सापडला एकदाचा!' खाली नुसती तारीख, नाव नाही. इथं मराठी बोलणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी असेल तर सांगा हो.