लग्नानंतर मैदानात उतरलात का कधी? खेळाचे अनुभव लिहा गं बायांनो

इंदिरानगरकर
2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला ना, आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला 78-40 हरवलं, ती मॅच परवा लेकीने मोबाईलवर परत लावली आणि माझं स्वयंपाकातलं लक्षच उडालं. शाळेत मी खेळायचे. खुंटावर सूर मारून गडी बाद करायचा हे माझं काम, गुडघे कायम सोललेले आणि आईचं एकच, डाग राहतील, उद्या बघायला येतील तेव्हा काय सांगू. दहावीला शाळेने सराव बंद केला, फक्त मुलींचा हं, मुलांचा चालू. तिथून पुढे खेळ म्हणजे हळदीकुंकवातली संगीत खुर्ची. आता कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही बायका रविवारी सकाळी खो-खो खेळतो. आठ जणी बसायला मिळाल्या नाहीत तर पाच बसवतो, पण खेळतो. आपली हौस गेलेली नसते, वेळ आणि जागा काढून घेतलेली असते असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचंही लिहा.

सिडकोवाली
कबड्डी. कोपरा रक्षक. लग्न ठरल्यावर सासूबाईंनी पहिलं विचारलं, हात मोडलावता का कधी 😀 बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय

हरसूलची मास्तरीण
धावपटू कविता राऊतचं गाव सावरपाडा आमच्याच भागातलं. तिने 2010 ला दिल्ली कॉमनवेल्थला 10,000 मीटरला ब्राँझ घेतलं, त्याच वर्षी एशियाडला सिल्व्हर, पुढे 2016 ला रिओला मॅरेथॉन पळाली. इथल्या प्रत्येक पोरीला हे पाठ आहे. पण भाषणात लोक सांगतात ना की लांबून पाणी आणायची म्हणून पळायला जमलं, ते मला अजिबात पटत नाही. पाणी तर सगळ्याच पोरी आणतात. तिला नाशकात विजेंदर सिंग सरांसारखे कोच मिळाले, वर्षानुवर्षं ट्रेनिंग झालं, पोटभर खायला मिळालं, म्हणून झालं. माझ्या वर्गात आत्ता दोघी अशा आहेत की आठशे मीटरला मुलांना मागे टाकतात, त्यांना हंडा मिळतो, कोच नाही. एकीचं तर घरात लग्नाचं बोलणं चालू झालंय. मी जाऊन बसते तिच्या आईपाशी, अजून काय करणार, पण जाणार.

इंदिरानगरकर
ताई, शूज वगैरे लागत असतील तर सांगा, आम्ही जमवतो. खरंच सांगा.

हरसूलची मास्तरीण
मापं पाठवते.

पंचवटीची आजी
मी कधी काही खेळले नाही. पण श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी कितीतरी वर्षं केली, अनवाणी, रात्रभर, चिखल, वर पाऊस. माझ्याबरोबरच्या बायका सत्तरीच्या. याला कोणी व्यायाम म्हणत नाही. देवाचं नाव असलं की घरातून सोडतात, नुसतं चालायला जाते म्हटलं की विचारतात भाजी कोण निवडणार. आता गुडघे दुखतात, पण गोदाकाठी सकाळी जाते.

सिडकोवाली
आजी 🙏 भाजीचं अगदी खरं

नाशिकरोडचा मुलगा
पुरुषांनी लिहिलं तर चालेल का? आई संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकला जायची, मध्ये बंद केलं. कारण विचारलं तर म्हणे कंटाळा. खूप दिवसांनी कळलं की ट्रॅकच्या मागच्या टोकाला दिवे बंद असतात आणि तिथे टोळकं बसलेलं असतं. आता मी बरोबर जातो, पण माझ्याशिवाय तिला जाता यायला पाहिजे ना. दिव्यांसाठी अर्ज दिलाय.

इंदिरानगरकर
अर्जाची कॉपी इथे टाक रे, आम्ही सगळ्या सह्या करतो

सिन्नरची सून
आमच्या सिन्नरची माया सोनवणे! 2022 ला वुमेन्स टी-20 चॅलेंजला व्हेलॉसिटीकडून लेगस्पिन टाकली, बॉल टाकताना मान अशी खाली जाते की बघणारा दचकतो. तेव्हापासून आमच्या गल्लीत पोरी मान वाकवून बॉल टाकतात, कठड्यावरच्या दोन कुंड्या गेल्या. मी पण टाकला एकदा, दीर बघत होते, बघू देत. बरं, रविवारी सकाळी पांडवलेणी चढायला कोण येणार? उतरल्यावर मिसळ.

सिडकोवाली
मिसळ कुठली त्यावर अवलंबून

सिन्नरची सून
गंगापूर रोडची, चुलीवरची, रस्सा वेगळा मिळतो

सिडकोवाली
पांडवलेणी एका टोकाला आणि मिसळ दुसऱ्या टोकाला!! आले मी तरी

कॉलेजरोड
धाग्याला सोडून आहे, पण पोहायला शिकायचंय, वय 44. बायकांची बॅच आहे आमच्याकडे, पण कॉस्च्युमचं धाडस होत नाही. सिझेरियननंतर पोट सुटलंय.

पंचवटीची आजी
पोट सगळ्यांचंच सुटतं गं. जा तू.

सिडकोवाली
अगं पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा मिळतो, दुकानात नुसतं "बायकांचा फुल" म्हण. सुती कपडे घालून जाऊ नकोस, भिजून जड होतात, उतरू पण देत नाहीत. केसांना तेल नको. कॅप लागतेच, लांब केस असतील तर सिलिकॉनची घे, आतून थोडी पावडर लाव म्हणजे ओढत नाही. पहिले काही दिवस नुसतं कठडा धरून पाय मारायला लावतील, कंटाळू नकोस. बॅच किती वाजताची आहे?

कॉलेजरोड
दुपारी साडेतीन. मुलाची शाळा सुटते त्याच वेळेला, रिक्षावाल्या काकांशी बोलते उद्या