मदत हवी आहे: कुशादासीत एक दिवस, आईचा गुडघा आणि एफेससचं ग्रंथालय

कातळफूल

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि 72 वर्षांची आई) अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून ग्रीक बेटांच्या क्रूझला चाललोय. वाटेत बोट एक दिवस तुर्कस्तानातल्या कुशादासीला लागते. सकाळी साडेसातला उतरता येईल, दुपारी साडेचारला परत बोटीवर हजर व्हायचं. तिथून दुसऱ्या दिवशी पात्मोस.

आई राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात 31 वर्षं ग्रंथपाल होती. कोकणातला पावसाळा आणि पुस्तकं, म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको. गणपती झाले की कपाटं रिकामी करून एकेक पुस्तक उन्हात, पानांत कडुलिंबाचा पाला, तरी दरवर्षी दहा-वीस पुस्तकं बुरशी आणि वाळवीला जायचीच. वाचनालयात आलेल्या कुठल्याशा मासिकात तिने कुशादासीजवळच्या एफेसस या प्राचीन शहरातल्या सेल्ससच्या ग्रंथालयाचा फोटो पाहिला होता. तो कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलेला मला लहानपणापासून आठवतोय. या सगळ्या सहलीत तिने स्वतःहून मागितलेली गोष्ट ही एकच.

अडचण उजव्या गुडघ्याची. सपाट रस्त्यावर काठी घेऊन, मधेमधे बसत ती एक-दीड किलोमीटर चालते. जिने चढते, उतरताना मात्र फार त्रास होतो. क्रूझची जी सहल आहे ती वरच्या दाराने आत शिरून खालच्या दाराने बाहेर पडते, आणि माहितीपत्रकात ‘बरंच चालणं, असमान पृष्ठभाग’ असं लिहिलंय. तर:

1. तिला ग्रंथालयापर्यंत कमीत कमी त्रासात कसं न्यावं?
2. बोटीची सहल घ्यावी की आपली टॅक्सी करावी? बोट चुकण्याची मला धास्ती वाटते.
3. आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. तिने काय खावं?
4. तुर्कस्तानच्या व्हिसाचं काय?

पैशांचा प्रश्न दुय्यम आहे. ती तिथपर्यंत जाऊन ते न बघता परत यायला नको.

मुशाफिर_नाशिक

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी हाच दिवस केला, वडिलांना घेऊन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: वरच्या दाराने जाऊच नका.

सगळे वरून खाली येतात कारण उतार आहे. धडधाकट माणसाला ते सोयीचं. पण तो उताराचा कुरेतेस रस्ता म्हणजे सुमारे दोन हजार वर्षं जुना, पावलांनी घासलेला संगमरवर, मधेमधे उंचसखल दगड, वर माणसांचे लोंढे. तुमच्या आईंना नेमकं उतरणंच जड जातं. वडिलांचा पाय तिथे दोनदा घसरला.

खालच्या दाराने आत शिरा. डाव्या हाताला डोंगरात कोरलेलं मोठं नाट्यगृह लागतं (सुमारे 25 हजार माणसं बसायची), तिथून संगमरवरी रस्त्याने सरळ गेलं की ग्रंथालय. जवळजवळ सपाट, आमच्या वडिलांच्या चालीने वीस मिनिटं. ग्रंथालयासमोरच्या चौकात उतरायला थोड्या पायऱ्या आहेत, तिथे हात द्या. आल्या रस्त्याने परत. बाकीचं शहर तुम्ही आणि मुलाने पटकन वर जाऊन बघून या, तोवर आजी बसतील.

वेळही महत्त्वाची. ग्रंथालयाचं तोंड पूर्वेला आहे, सकाळचं ऊन थेट दर्शनी भागावर पडतं. आवार आठला उघडतं, कुशादासीपासून अंतर वीसेक किलोमीटर. बोटीवरून पहिल्या लोकांत उतरलात तर गर्दीच्या आधी पोचाल. आत सावली जवळजवळ नाही आणि स्वच्छतागृहं फक्त दारांपाशी. टोपी, पाणी, पुढे रबर असलेली काठी, एवढं घ्याच.

डोंगरउतारावरची घरं, म्हणजे छपराखाली जपलेली ती भित्तिचित्रं आणि मोझेक, मला सगळ्यात जास्त आवडली. पण तिथे नुसते जिने आहेत. तिकीटही वेगळं. मुलाला दाखवा, आईंना नको.

डोंबिवलीकर_काका

व्हिसाबद्दल. तुमच्याकडे शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) असेलच. तो मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा आहे का, ते आज बघा. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. कुशादासीला गेलात म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडलात, पात्मोसला पुन्हा आत. सिंगल एंट्रीवर हे जमत नाही, आणि लोक नेमके इथेच अडकतात.

तुर्कस्तानच्या नियमात बंदरावर उतरून ते शहर आणि आसपासची शहरं बघणाऱ्या प्रवाशांना 72 तासांपर्यंत व्हिसातून सूट आहे. पण तुम्हाला बोटीवर चढू द्यायचं की नाही हे क्रूझ कंपनी ठरवते. तेव्हा तिला ईमेल करून लेखी उत्तर मागवा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. व्हिसा काढा म्हणाले तरी घाबरू नका, वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्की ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच काढा.

सई_हॅम्बुर्ग

बोटीची सहल की टॅक्सी? बोटीच्या सहलीचा एकच मोठा फायदा: बस अडकली तर बोट थांबते. स्वतः गेलात तर थांबत नाही. पण ती सहल तुम्हाला पन्नास माणसांच्या चालीने चालवते, आणि शेवटी बहुतेक वेळा गालिच्यांच्या किंवा चामड्याच्या दुकानात तासभर बसवते. तुमच्या आईंचा गुडघा त्या तासासाठी खर्च करू नका. मी टॅक्सीच म्हणेन.

टॅक्सी ठरवताना: जाऊन-येऊन, थांबण्याचे तास धरून, आणि युरोत की लिरात, तिन्ही गोष्टी बसायच्या आधी कागदावर. वरच्या दाराशी सोडून खालच्या दाराशी भेटायची त्यांना सवय असते, म्हणून ‘दोन्ही वेळा खालचं दार’ हे नीट सांगा. साडेबारापर्यंत बंदराकडे निघालात तर हाताशी भरपूर वेळ उरतो. घड्याळाची चिंता नको, सप्टेंबरात ग्रीस आणि तुर्कस्तानची वेळ एकच असते.

जेवण: एफेससजवळच्या सेल्चुक गावात ‘गोझलेमे’ मिळतं. पातळ लाटलेली पोळी, आत पालक, चीज किंवा बटाटा, तव्यावर भाजलेली. आपल्या समोर लाटतात. ‘एत्सिझ’ म्हणजे मांसाविना, हा शब्द पाठ करून ठेवा. अंड्याला ‘युमुर्ता’ म्हणतात. मसूरडाळीचं सूप (मेर्जिमेक चोर्बासी, चोर्बा म्हणजे आपला शोरबाच) दिसायला शाकाहारी, पण कधीकधी मांसाच्या पाण्यात शिजवतात, विचारून घ्या. ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या चांगल्या असतात. आणि आयरान, म्हणजे मीठ घातलेलं ताक! आईंना घरी आल्यासारखं वाटेल.

कातळफूल

इतक्या आपुलकीने लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसा पाहिला, मल्टिपल एंट्रीचा आहे. कंपनीला ईमेल केलाय. खालचं दार, सकाळी आठ, टॅक्सी: ठरलं.

तिथे जवळच असलेलं मेरीमातेचं घर आणि शिरिंजे गाव यांतलं एखादं त्याच दिवशी बसेल का?

सई_हॅम्बुर्ग

आईंसोबत नको. परतीच्या वाटेवर आर्टेमिस या ग्रीक देवीच्या देवळाची जागा मात्र गाडीतून उतरून पाच मिनिटं बघा. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, आणि आज तुकडे जुळवून उभा केलेला एकच खांब. दुपारी बोटीजवळच ग्युव्हेर्जिनादाच्या किल्ल्याकडे जाणारा समुद्रकाठचा रस्ता सपाट आहे, ताकद उरली तर तिथे.

वाळवंटातली_विहीर

मी फक्त ग्रंथालयासाठी लिहिते आहे. मीही ग्रंथपाल, सोलापूरला.

हे ग्रंथालय म्हणजे मुळात एका मुलाने बापासाठी बांधलेली समाधी आहे. सेल्सस रोमन सिनेटर होता, आशिया नावाच्या रोमन प्रांताचा (आजचा पश्चिम तुर्कस्तान) प्रमुख. त्याचा मुलगा अक्विला याने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं, आणि सेल्सस त्याच वास्तूच्या पोटात शवपेटीत आहे. सुमारे 12 हजार गुंडाळ्या (त्या काळची गुंडाळून ठेवायची पुस्तकं) होत्या असं मानतात. आतला भाग तिसऱ्या शतकात जळाला, दर्शनी भिंत नंतर भूकंपात कोसळली. आज दिसते ती 1970 ते 1978 या काळात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेले दगड जुळवून पुन्हा उभी केली. कोनाड्यातल्या चार स्त्रिया म्हणजे प्रज्ञा, सद्गुण, विचार आणि ज्ञान. त्या प्रतिकृती आहेत, मूळच्या व्हिएन्नाला.

पण तुमच्या आईंना एक गोष्ट जरूर सांगा. गुंडाळ्या ठेवायचे कोनाडे आतल्या भिंतीत आहेत, आणि त्या भिंतीच्या मागे मोकळी जागा सोडून दुसरी भिंत घातली आहे. ओल पुस्तकांपर्यंत पोचू नये म्हणून.

आणि तुर्कीत ग्रंथालयाला ‘कुत्युपहाने’ म्हणतात. कुतुब म्हणजे पुस्तकं, हाने म्हणजे आपल्या दवाखान्यातला खाना. टॅक्सीवाल्याला आईंनाच हा शब्द सांगू द्या.

कातळफूल

ताई, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. दुहेरी भिंतीपाशी तिने मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘अगं, आम्ही कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवायचो, ते हेच की.’

तिचा प्रश्न आहे: पोकळी किती रुंद आहे, हात जाईल एवढी की माणूस जाईल एवढी? कोणी आत जाऊन पाहिली असेल तर कृपया लिहा.