नवव्या महिन्यातील बाळाची हालचाल

वरच्या एका प्रतिसादात म्हटले आहे की नवव्या महिन्यात पोटात जागा उरत नाही, म्हणून बाळाची हालचाल कमी होते आणि त्याची काळजी करू नये. पायांवरील सूज, जळजळ आणि अपुरी झोप यांविषयीचे त्यातील बाकीचे सांगणे मला पटते, पण हा मुद्दा मात्र धोकादायक आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालीचे स्वरूप बदलते, म्हणजे जोरदार लाथांऐवजी वळल्यासारखे किंवा सरकल्यासारखे जाणवते. मात्र तिचे प्रमाण घटणे अपेक्षित नसते, अगदी कळा सुरू होईपर्यंतही नाही.

माझी धाकटी बहीण आठव्या महिन्यातही डोंबिवलीहून दादरला लोकलने कामाला जात असे आणि त्या धावपळीत तिला बाळाची हालचाल फारशी जाणवत नसे. तिच्या डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे ती रात्री जेवणानंतर डाव्या कुशीवर शांत पडून हालचाली मोजू लागली. दोन तासांत दहा हालचाली जाणवणे हा सर्वसाधारण निकष आहे, परंतु स्वतःच्या बाळाची रोजची लय ओळखणे त्याहून महत्त्वाचे, कारण प्रत्येक बाळ वेगळे असते. पोटातले बाळ झोपतेही, पण ही झोप बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची असते. म्हणून नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटल्यास गोड खाऊन वाट पाहण्यात किंवा पुढच्या तपासणीपर्यंत थांबण्यात वेळ घालवू नये. रात्र असली तरी नाव नोंदवलेल्या रुग्णालयात लगेच जावे, तेथे बाळाच्या हृदयाचे ठोके तपासता येतात.